अर्धा पुढे, पाव मागे

घाटाच्या पायथ्याला पिंपरणी नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात सर्जेराव मोहिते नावाचे एक गृहस्थ राहत होते. माणूस मनाने लाखमोलाचा. कुणाच्या लग्नाचा मांडव घालायला पुढे, कुणाची विहीर उपसायला पुढे, पंक्तीत आग्रह करायला तर सगळ्यांच्या पुढे. फक्त मागे सरणं तेवढं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. तो चुकीचा आहे हे साऱ्या गावाला कळो, नाहीतर खुद्द सर्जेरावांना कळो, तो काही परत यायचा नाही.

त्यांच्याकडे एक जुनी जीप होती. तिला रिव्हर्स गिअर होता, पण सर्जेराव त्याला हात लावत नसत. समजा गाडी घर ओलांडून दोन हात पुढे गेली, तर दोन हात मागे घेण्याऐवजी ते तसेच वेशीबाहेर जात, ओढ्याच्या काठाने सबंध गावाला वळसा घालत आणि पुन्हा घरासमोर येऊन उभे राहत. कधी कधी तेव्हाही दोन हात पुढे जात. मग दुसरा वळसा. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई उंबऱ्यात उभ्या राहून नवऱ्याला दुसऱ्यांदा दारावरून जाताना बघत आणि चुलीवरचा चहा उतरवून ठेवत.

गावानेही हे जमवून घेतलं होतं. जीपचा आवाज आला की बैलगाडीवाले आपणहून कडेला होत. सायकलवाले खाली उतरत. म्हशी तेवढ्या बाजूला होत नसत. त्यामुळे सर्जेराव आणि म्हशी एकमेकांसमोर उभे आहेत, असं दृश्य पिंपरणीत नेहमीचं होतं.

हा हट्ट एकदा मात्र अंगाशी आला, आणि तोही सर्जेरावांच्या नाही, दुसऱ्याच्याच.

दस्तगीर मुल्ला हा गावातला वेल्डर, सर्जेरावांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने शाळेसाठी लोखंडी फाटक तयार केलं होतं. फाटकावर मोर बसवला होता. मोराचं एकेक पीस त्याने हौसेने वळवलं होतं. फाटक हातगाड्यावर घालून तो निघाला, आणि वेशीजवळच्या चिंचोळ्या वाटेत समोरून जीप आली. भरलेला गाडा चढावर मागे रेटणं दस्तगीरला शक्य नव्हतं. जीप मागे घ्यायला काहीच अडचण नव्हती. सर्जेरावांनी हॉर्न दिला. मग आणखी एकदा दिला. दस्तगीरने गाडा कडेला घ्यायचा प्रयत्न केला, चाक गटारात गेलं, फाटक खाली आदळलं आणि मोराची मान पिळवटून मागे वळली.

"मी हॉर्न दिला व्हता," एवढंच सर्जेराव म्हणाले आणि पुढे निघून गेले.

दस्तगीरने नवा मोर करून फाटकावर बसवला. वाकलेला मोर आपल्या शेडच्या दाराला टांगून ठेवला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. चूक आपली आहे हे सर्जेरावांना त्याच रात्री कळलं होतं. पण 'मी हॉर्न दिला व्हता' हे वाक्य एकदा तोंडातून गेलं होतं. दस्तगीरच्या बोळावरून जाताना ते मान ताठ ठेवत आणि मनात मात्र त्यांना दरवेळी वाईट वाटे.

चौथ्या वर्षी संक्रांत जवळ आली आणि सर्जेरावांच्या घरी आनंदाला उधाण आलं. त्यांची लेक शालन घाटमाथ्यावरच्या कोंडवाडीला दिली होती. तिला मुलगा झाला होता. बाळाची ही पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण आलंच. बाळाला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी ते वेचायला झुंबड करायची. सर्जेरावांनी पारावर बसून जाहीर करून टाकलं की नातवाचं बोरन्हाण आपल्या ओसरीवर होणार आणि नातू आजोबांच्या जीपमधूनच येणार. शालनच्या सासूबाईंचा निरोप आला होता, "संक्रांतीला सकाळी न्यायला या. न्हाई जमलं तर आम्ही हितंच उरकून घेतो."

न जमायला काय झालं? झालं होतं ते जीपला. घाट चढताना अर्ध्या वाटेवर, वाघजाईच्या वळणावर, ती हटकून तापायची. बॉनेटमधून वाफ निघायची आणि गाडी जागच्या जागी बसायची. कोंडवाडीला एसटी जात नव्हती. एवढ्याशा बाळाला घेऊन थंडीवाऱ्यात त्या वळणावर ताटकळत बसणं कुणाला परवडणार?

सर्जेरावांनी जीप हणमंता मिस्त्रीच्या गॅरेजात नेली. हणमंता बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला.

"आबा, इंजिनाच्या ब्लॉकात मागल्या अंगाला पाणी कोंडून ऱ्हातंय," तो म्हणाला. "म्होरलं पाणी फिरतंय, मागलं उकळतंय. तिथं एक भोक पाडून नळी काढायची आन् रेडिएटरला जोडायची. मग न्हाई तापायची."

"मग पाड की."

"इंजिन उतरवाया लागंल. आठवडा तरी जाईल."

"संक्रांत काय तुझ्यासाठी थांबती व्हय? उतरवायचं न्हाई. हाय तिथंच पाड."

हणमंताने मान खाजवली. "पाडतो. पण हात जपून चालवाया लागंल. इंजिन जागंवर असलं की चुकायची सोय नसती."

त्याने पाणी काढून टाकलं, नळ्या सोडल्या, मधला पसारा बाजूला केला आणि कसाबसा हात आत घालून ब्लॉकला भोक पाडलं. लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस चोपडलं होतं. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येत होता. इथवर सर्जेराव खूश होते. ड्रिल नुसतं पुढे जात होतं.

पुढचं काम भोकात आटे पाडायचं होतं, म्हणजे नळी पिळून घट्ट बसते. त्यासाठी टॅप नावाचं हत्यार असतं. पोलादाचा दातेरी तुकडा, वर धरायला आडवी मूठ. कडक इतका की लोखंड कापतो, आणि ठिसूळ तर काचेच्या बांगडीसारखा. हणमंताने टॅप भोकात बसवला आणि मूठ अर्धा फेरा पुढे फिरवली. मग पाव फेरा मागे. पुन्हा अर्धा पुढे, पुन्हा पाव मागे.

स्टुलावर बसलेले सर्जेराव पुढे सरकले.

"आरं, मागं कशाला फिरवतोस?"

"कापलेला कीस टॅपच्या तोंडाशी गोळा होतो, आबा. जरा मागं आलं की तो तुटून पडतो आन् म्होरं वाट होती."

"म्हंजे मागं गेल्याबिगर म्होरं जाताच येत न्हाई?"

"टॅपला तरी न्हाई येत," हणमंता म्हणाला, आणि पुन्हा पाव फेरा मागे आला. सर्जेरावांनी तोंड फिरवलं.

काम निम्म्यावर आलं तेव्हा हणमंता नळीचा तुकडा आणायला बाजारपेठेत गेला. जाताना सांगून गेला, "आबा, हात तेवढा लावू नगा."

"जा तू," सर्जेराव म्हणाले. त्यांनी 'लावणार नाही' असं काही म्हटलं नव्हतं.

हणमंता दिसेनासा झाल्यावर ते उठले आणि त्यांनी टॅपची मूठ धरली. अर्धा फेरा पुढे. लोण्यात सुरी जावी तसा गेला. आणखी अर्धा. तोही गेला. सर्जेरावांच्या चेहऱ्यावर हसू आलं. उगीच हा हणमंता मागे-पुढे करत वेळ काढत होता! पुढचा फेरा जरा जड लागला. दुसरा कुणी असता तर थांबला असता. सर्जेरावांनी पाय रोवले आणि छातीचा जोर लावला.

कट् असा आवाज झाला.

मूठ त्यांच्या हातात आली. मुठीला निम्मा टॅप होता. उरलेला निम्मा ब्लॉकमध्ये घट्ट रुतून बसला होता.

सर्जेरावांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी मूठ होती तशी भोकावर टेकवून पाहिली. ती उभी राहीना. तेवढ्यात हणमंता आला. त्याने भोकाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं आणि जमिनीवर बसकण मारली.

"ड्रिल मारून काढ की," सर्जेराव हळूच म्हणाले.

"टॅप ड्रिलपेक्षा कडक असतो, आबा. ड्रिल झिजून जाईल, ह्यो हालायचा न्हाई."

"मग?"

"आता खरंच इंजिन उतरवून शहरात न्यायचं. न्हाईतर तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग मारायचं, आन् नटाला पाना लावून त्याला बाहेर काढायचं. पण ब्लॉकला धक्का न लागता असलं नाजूक वेल्डिंग मारणारा गावात एकच माणूस हाय."

त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

सर्जेराव घरी आले. कौसल्याबाई ओसरीवर बसून हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवत होत्या. समोर बाळाचा मुकुट तयार होता, एवढासा, पेरूवरसुद्धा बसेल असा. सर्जेराव त्या मुकुटाशेजारी टेकले. त्यांनी काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

कौसल्याबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. "अहो, गावाला वळसा घालून तुमास्नी आपल्या दारात येता येतं," त्या म्हणाल्या. "दस्तगीरभावजींच्या दारात तसं न्हाई जाता येत. तिथं सरळच जावं लागंल."

दुसऱ्या दिवशी भोगी होती. सर्जेराव सकाळीच बाहेर पडले. दस्तगीरचा बोळ आला. पाय काही वळेनात, आणि ते बोळाचं तोंड ओलांडून पुढे गेले. आता पुढे गेल्यावर काय करायचं? सवयीप्रमाणे ते वेशीबाहेर गेले, ओढ्याच्या काठाने चालत सबंध गावाला वळसा घातला आणि घामाघूम होऊन पुन्हा बोळापाशी आले. पाय पुन्हा दोन पावलं पुढे पडलेच. समोर तोच लांबलचक वळसा दिसत होता. ऊनही चढत होतं. सर्जेराव क्षणभर उभे राहिले, आणि वळले. दोन पावलं मागे आले. काहीच झालं नाही. आभाळ होतं तिथेच होतं, आणि पारावरच्या कुणी वर मान करूनही पाहिलं नाही. त्यांना फार हलकं वाटलं.

बोळाच्या टोकाला शेड होती. दाराला मान मागे वळलेला मोर टांगलेला होता. दस्तगीर डोळ्यांवर काळा चष्मा लावून काहीतरी जोडत होता. सर्जेराव समोर जाऊन उभे राहिले.

"दस्तगीर, त्या दिवशी गाडी मी मागं घ्यायला पायजे व्हती. तुझा मोर माझ्यामुळं वाकला."

दस्तगीरने चष्मा वर केला. "हॉर्न दिला व्हतास की."

"हॉर्नवर हात गेला. गिअरवर जायला पायजे व्हता."

दस्तगीरने हातातलं काम खाली ठेवलं. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं. "एवढं बोलायला चार संक्रांती लावल्यास, सर्जा," तो म्हणाला. चार वर्षांत सर्जेरावांना कुणी 'सर्जा' म्हणून हाक मारली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले.

"ते गाडीचं..." सर्जेराव अडखळले.

"हणमंता काल सांजंला सांगून गेलाय. नट काढून ठेवलाय मी." आणि खरंच बाकावर एक नट स्वच्छ घासून ठेवलेला होता.

"म्हंजे तुला ठावं व्हतं? आन् मी आलोच नसतो तर?"

"दुपारपातूर वाट बघितली असती. मग मीच आलो असतो. तुझ्या नातवाचं बोरन्हाण हाय. त्याच्यामधी मोराला कशाला आणू?"

सर्जेराव पुढे झाले. त्यांनी दस्तगीरचा काळा, पोळलेला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वेल्डिंगचं मशीन जड, तारही आखूड. जीपच शेडपर्यंत आणायला हवी होती. अर्धं गाव ढकलायला जमलं. हसत, ओरडत, एकमेकांच्या पायावर पाय देत सगळ्यांनी जीप बोळात ढकलली, तोंड पुढे करून, थेट शेडच्या दारापर्यंत. हणमंताने बॅटरीची तार सोडली. दस्तगीरने रुतलेल्या तुकड्यावर नट ठेवला, एकदा श्वास रोखला आणि ठिणग्या उडाल्या. नट लालभडक झाला, मग हळूहळू काळा पडला. दस्तगीरने पाना सर्जेरावांच्या हातात दिला.

"तू काढ."

"मी? मोडणारा मीच ना?"

"म्हणूनच. थोडं मागं घे. अडलं तर रेटू नगस. जरा म्होरं जा, परत मागं ये."

सर्जेरावांनी नटाला पाना लावला. थोडं मागे. अडलं. जरा पुढे. पुन्हा मागे. तुकडा केसभर हलला, मग आणखी हलला, आणि शेवटी नटासकट अलगद त्यांच्या तळहातावर आला. आटे शाबूत होते. हणमंताने नवा टॅप आणला, पण त्याची मूठ सर्जेरावांनीच धरली. उरलेले आटे त्यांनी स्वतः पाडले, अर्धा पुढे, पाव मागे, आणि दरवेळी मागे येताना हणमंताकडे बघून हसत होते. मग नळी बसली, पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. कुठे थेंब गळला नाही.

आता घरी जायचं. सर्जेरावांनी पुढे पाहिलं. पुढे दस्तगीरची शेड होती. शेडमागे भिंत होती. बोळ तिथेच संपत होता. या खेपेला वळसा घालायला ओढाही नव्हता आणि वेसही नव्हती. बोळाच्या तोंडाशी गाव जमा झालं होतं. कुणी भिंतीवर चढून बसलं होतं. बातमी पसरली होती की आबा गाडी मागे घेणार.

"हणमंता," सर्जेराव हळूच म्हणाले, "त्यो गिअर कुठल्या अंगाला असतो?"

हणमंताने दाखवलं. इतक्या वर्षांत कुणी हात न लावल्याने गिअर आधी करकरला, मग एकदाचा पडला. जीप मागे निघाली. डावीकडच्या भिंतीकडे गेली, तिथून उजवीकडच्या भिंतीकडे गेली, पण मागे येत राहिली. दस्तगीर तिच्यामागे उलटा चालत हात हलवत होता, "येऊ दे, येऊ दे, आणखी येऊ दे." बोळाच्या तोंडाशी एक म्हैस आडवी उभी होती. सर्जेरावांनी ब्रेक लावला, गाडी जरा पुढे घेतली आणि तिला वाट करून दिली. म्हैस बराच वेळ जीपकडे बघत राहिली. तिला नवल वाटलं असावं. मग ती बाजूला झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

संक्रांतीच्या सकाळी जीप घाट चढली. वाघजाईच्या वळणावर सर्जेरावांनी मुद्दाम खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला. चटका बसेल अशी तापली नव्हती. दुपारी शालन आणि बाळाला घेऊन ते गावात आले आणि नेहमीप्रमाणे घर ओलांडून दोन हात पुढे गेले. उंबऱ्यातल्या कौसल्याबाई चहा उतरवायला वळणार, तोच गिअर करकरला आणि जीप दोन हात मागे येऊन बरोबर दारात थांबली. शालनच्या मांडीवरचं बाळ त्या आवाजाने खुदकन हसलं. सर्जेरावांनी बाळाकडे पाहिलं. गाडी पुढे घेतली आणि पुन्हा मागे आणली. बाळ पुन्हा हसलं.

"बाबा, उतरू द्या की आता," शालन म्हणाली.

संध्याकाळी ओसरीवर बोरन्हाण झालं. इवलासा मुकुट घालून बाळ पाटावर बसलं. उसाचे करवे दस्तगीरने आणले होते आणि पहिली ओंजळ सर्जेरावांनी त्यालाच ओतायला लावली. बोरं वेचायला पोरांची झुंबड उडाली, आणि त्या झुंबडीत दोन म्हातारेही होते, असं लोक सांगतात. दस्तगीरने आणखी एक भेट आणली होती. शेडच्या दाराचा तो मोर घासूनपुसून त्याने जीपच्या बॉनेटवर बसवून दिला. मान सरळ केली नाही. सर्जेरावांनीच करू दिली नाही. अजूनही तो मोर मागे वळून बघत असतो.

आता पिंपरणीची तक्रार वेगळीच आहे. नातू आजोळी आला की सर्जेराव त्याला शेजारी बसवून, तो हसतो म्हणून, सबंध गल्लीभर जीप उलटी चालवत नेतात. बैलगाडीवाल्यांना आता दोन्ही बाजूंना लक्ष ठेवावं लागतं. कौसल्याबाईंचा चहा मात्र कधी निवत नाही.

तात्पर्य: चूक उमगली की दोन पावलं मागे यायला लाजू नये, अडलेली वाट तिथूनच मोकळी होते, आणि जो नुसता पुढेच रेटतो त्याच्या हाती मोडकी मूठ तेवढी उरते.